आनंदाने घातलेलं पाणी

आनंदा बॉयलरवाल्याच्या तोंडी उभा जन्म एकच शब्द होता : पुरे. समोरच्याचं बोलणं निम्म्यावर आलं की तो पंजा वर करायचा आणि म्हणायचा, पुरे. मुलगा शाळेतली गंमत सांगायला लागला, पुरे. मेहुणा लग्नाचं आमंत्रण घेऊन आला, पुरे, तारीख सांग. आणि बायकोचं तर एखादं वाक्य त्याने शेवटपर्यंत जाऊ दिल्याचं बोईसरजवळच्या पाम गावातल्या त्यांच्या आळीत कुणालाच आठवत नाही.

माणूस मूळचा आटपाडीकडचा. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघून जातो. त्यामुळे पाणी म्हणजे पुण्य, तहानलेल्याला पाणी घातलं की जन्माचं सार्थक, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. विशीत तो बोईसरला आला, एका केमिकल कंपनीत कोळसा ओढायला लागला आणि पुढे परीक्षा देऊन बॉयलरवर बसला. बॉयलरला काचेची एक उभी नळी असते, तिला गेज ग्लास म्हणतात. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पाणी खुणेच्या खाली गेलं की आतल्या नळ्या तापून लाल होतात, आणि मग बॉयलर फुटतो, माणसं भाजतात. आनंदाने नोकरीभर त्या काचेवरची नजर हलवली नाही. एकदा हाताखालच्या अंकुशला डुलकी लागली आणि पाणी जरासं खाली गेलं, तर आनंदाने त्याला साऱ्या शिफ्टदेखत थोबाडीत दिली. "पाणी खाली जाता कामा नये," एवढंच म्हणाला आणि परत काचेसमोर बसला. कंपनीत त्याला मान होता. निवृत्तीला शाल-नारळ मिळाला, साहेबांनी भाषणात त्याच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्या शिस्तीखाली पस्तीस वर्षं जी भरडली गेली ती त्याची बायको रंभाबाई मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. वाजवणार नाही तर काय करणार? घरी जायचं त्याच्याच स्कूटरवर होतं.

रंभाबाई बोलकी होती. लग्न होऊन आली तेव्हा तर बोलणं थांबायचंच नाही. पुढे ती झाडांशी बोलायला लागली, कारण झाडं पुरे म्हणत नाहीत. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली, पुढे अरुंद गॅलरी. त्या गॅलरीत तिने डब्यांत, फुटक्या बादल्यांत, मिळेल त्यात झाडं लावली. जास्वंद, अबोली, कोरफड, ओवा. आणि एका मातीच्या कुंडीत तिचं लाडकं झाड होतं, फुटबॉल लिली.

हे झाड आपल्याकडचं नाही. मूळ आफ्रिकेतलं, तिथल्या उन्हापावसावर पोसलेलं. पहिल्या चाळीतल्या शेजारणीने, हेतलबेनने, त्याचा एक कांदा रंभाबाईच्या ओंजळीत ठेवला होता. हेतलबेनचे मामा केनियात दुकान चालवायचे, त्यांच्या अंगणातून ते झाड फिरत फिरत तारापूरपर्यंत आलेलं. हेतलबेनने तेव्हाच बजावलं होतं, याला वर्षातून एकदाच फूल येतं, मे महिन्यात. आणि रंभाबाईने ते झाड पोटच्या पोरासारखं शिकून घेतलं. निम्मी काळी माती, निम्मी सूर्या नदीची रेती, वर मूठभर शेणखत. कांद्याची मान मातीबाहेर ठेवायची, पुरून टाकायची नाही. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. मे महिन्यात मातीतून आधी लालसर टोक येतं, त्याचा दांडा होतो आणि दांड्यावर एक गोळा फुलतो, शेकडो बारीक फुलांचा, कुंकवाच्या रंगाचा, लहान मुलाच्या डोक्याएवढा. मग पानं येतात. पावसाळाभर पानं हिरवीगार राहतात आणि तीच कांद्याला पोसतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात. ती पडली की पाणी बंद. एक थेंब नाही. कांदा झोपतो तो थेट उन्हाळ्यापर्यंत. झोपेत पाणी घातलं तर तो आतल्या आत कुजतो, आणि वरून काही कळत नाही. म्हणून रंभाबाई दरवर्षी तुळशीचं लग्न झालं की ती कुंडी जिन्याखाली नेऊन आडवी करून ठेवायची. चुकूनही कुणी पाणी घालू नये.

आनंदाला यातलं काही माहीत नव्हतं. कसं असेल? तिने सांगायला घेतलं की तो पंजा वर करायचा.

एका वर्षी हिवाळ्यात गॅलरीतून गळलेलं पाणी त्याच्या नव्या स्कूटरच्या सीटवर पडलं. त्याने गॅलरीतला एकेक डबा, एकेक बादली उचलली आणि खाली रस्त्यावर आपटली. जास्वंद गेली, अबोली गेली. खालची पोरं टाळ्या पिटत होती. रंभाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तो आत येताना तिला म्हणाला, "आता रड. पण हळू." त्या दिवशी वाचली ती फक्त जिन्याखाली आडवी पडलेली कुंडी, कारण ती त्याला रिकामी वाटली. जाता जाता तिला एक लाथ मात्र बसली होती. मे महिन्यात तिच्यातून गोळा फुलला. रंभाबाईने त्यानंतर दुसरं झाड लावलं नाही.

मुलगा भाग्येश शिकून बंगळूरला गेला आणि फोनवरच्या आवाजाएवढाच उरला. बापाचा आवाज आला की तोही लवकर पुरे करायचा. रक्ताचा गुण, दुसरं काय.

मग रंभाबाईच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड. डायलिसिस सुरू झालं, पण तिच्या काळजाला ते झेपेना, दर वेळी मशिनवर तिचा श्वास घुसमटायला लागला. पालघरच्या डॉक्टरने भाद्रपदात आनंदाला बाजूला घेतलं. म्हणाला, आता घरीच ठेवा, त्रास होणार नाही एवढं बघा. पुढचा पावसाळा कठीण आहे. आणि एक नियम घालून दिला : पाणी मोजून. शरीर पाणी बाहेर टाकत नाही, जास्त गेलं तर फुप्फुसात भरेल. दिवसाला एक लहान तांब्या, त्यातच चहा, त्यातच गोळ्या.

आनंदाला असा नियम म्हणजे जुनी नोकरी परत मिळाल्यासारखं झालं. त्याने स्टीलच्या तांब्यावर लाल रंगाने रेघ ओढली. सकाळी रेघेपर्यंत भरायचा आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात. रंभाबाईचे ओठ सुकून फाटायचे. ती हात पुढे करायची, "एक घोट..." तो म्हणायचा, "पुरे. संध्याकाळचं राहिलंय." डॉक्टरचाच हुकूम होता, त्याची चूक नव्हती. पण हुकूम पाळताना एखाद्याचा चेहरा पडतो, एखाद्याचा उजळतो. आनंदाचा कुठला, ते नवसीने पाहिलं होतं.

नवसी वाणगावच्या पूर्वेकडची, डोंगराला लागून असलेल्या पाड्यावरची. घरचं शेत पावसावर पिकायचं, तेही जेमतेम, म्हणून ती सकाळी येऊन रंभाबाईला अंघोळ घालायची, स्वयंपाक करायची, दुपारी जायची. रंभाबाईचं आणि तिचं जमलं. दोन वर्षांपूर्वीच रंभाबाईने आपल्या कुंडीतला एक पिल्लू कांदा तिला दिला होता. तो नवसीच्या दारात फुटक्या हंड्यात वाढत होता.

दिवाळी झाली. रंभाबाई आता खाटेवरून उठू शकत नव्हती. त्या वर्षी कुंडी गॅलरीतच राहिली, जिन्याखाली न्यायला कुणी नव्हतं. एका सकाळी आनंदा गोळ्या द्यायला आला तेव्हा तिने त्याचा हात धरला. असा तिने कधी धरला नव्हता.

"अवो, एक मागनं हाय. मला त्या लिलीचं फूल तेवढं बघायचंय. मे पातुर मी टिकते, बघा. तेवढं बघितलं की झालं माझं. त्या कुंडीला पाणी..."

"पुरे," आनंदा म्हणाला. "घालतो. आनंदाच्या हाताखाली आजवर कशाचं पाणी खाली गेलंय?"

"न्हाई, तसं न्हाई, ऐका तर..."

"पुरे म्हटलं ना!"

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने त्याचा हात सोडला.

पण एक खरं. त्या दिवशी आनंदाच्या आत कुठेतरी काहीतरी हललं. एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते फूल. त्याने मनाशी ठरवलं, हे फूल मी आणणार. मेपर्यंत ही टिकणार आणि उघड्या डोळ्यांनी फूल बघणार. दगडाला पाझर फुटला म्हणा हवं तर. फुटला तो नको तिथे.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. पानं पिवळी पडत होती. त्याला वाटलं, पाणी कमी पडतंय, आणि त्याने दुप्पट घातलं. पानं गळून पडली, नुसती माती उरली. त्याला वाटलं, आता तर जास्तच सांभाळायला हवं. कुंडीखाली त्याने एक खोल ताटली ठेवली, ताटलीच्या कडेला तांब्यावरच्यासारखी लाल रेघ ओढली आणि रोज सकाळी प्लास्टिकचा मग घेऊन तो त्या रेघेपर्यंत पाणी चढवायला लागला. रेघेच्या खाली पाणी गेलेलं त्याला खपायचं नाही. नळाला पाणी नसेल त्या दिवशी पिंपातलं घालायचा, पिंप तळाला गेलं तर खालच्या जमुनाबाईकडून मागून आणायचा. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेला माणूस बादली घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा जमुनाबाईला भोवळच यायची बाकी होती.

"मामीसाठी करताय ना मामा?" ती म्हणाली. "तुमी असे असाल असं वाटलं नवतं."

आनंदा छाती काढून जिना चढला.

खाटेवरून रंभाबाईला गॅलरी दिसत नव्हती, पण पाण्याचा आवाज यायचा. एकदा ती म्हणाली, "दार उघडं ठेवून घालत जावा. आवाज ऐकू येतो." आनंदाचा ऊर भरून आला. तिचे स्वतःचे ओठ कोरडे ठणठणीत, तांब्या कपाटात कुलपात, आणि ही झाडाला पाणी मिळतंय म्हणून समाधानी! अशी बायको मिळायला भाग्य लागतं, हे त्याला त्या सकाळी प्रथमच वाटलं. त्यानंतर तो मुद्दाम उंचावरून धार धरायला लागला.

पौषात एकदा नवसी गॅलरीच्या दारात थबकली. भरलेल्या ताटलीकडे बघितलं, बोडक्या मातीकडे बघितलं, आणि काही बोलायला तोंड उघडलं. आनंदाने डोळे वटारले. "काय बघतेस? काम नाय तुला?" नवसी आत गेली. आत दोघींची कुजबुज झाली आणि मग रंभाबाई हसली. किती तरी महिन्यांनी हसली. आनंदाला बरं वाटलं. झाडामुळे हिला उभारी येतेय, असं त्याने फोनवर भाग्येशलाही सांगितलं.

फाल्गुनात नवसी खोलीत आली की नाकाला पदर लावायची. आनंदाला कसलाच वास येत नव्हता. कंपनीच्या धुराने त्याचं नाक कधीच मेलं होतं.

मे उजाडला. रंभाबाई उरली होती ती नुसती हाडं आणि डोळे, पण टिकली होती. आनंदा सकाळ-संध्याकाळ कुंडीवर वाकायचा, लाल टोक शोधायचा. टोक येईना. अर्धा मे गेला. जमुनाबाई सांगत आली की कॉलनीत कुणाकुणाच्या लिल्या फुलल्या. तेव्हा त्याने मातीत बोटं घातली. कांदा शोधत शोधत बोटं खोल गेली आणि पिकून फुटलेल्या केळ्यात जावीत तशी कशात तरी रुतली. वर काढलं तर हाताला तपकिरी चिखल, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. कांदा म्हणून काही राहिलंच नव्हतं. आनंदा त्या हाताकडे बघत गॅलरीत खाली बसला. मेलेल्या बॉयलरवर मी सहा महिने पाणी चढवत होतो की काय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. मग भीती वाटली, खरीखुरी. आत ती वाट बघत होती.

नवसी यायच्या वेळेला तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

"तुझ्याकडे ते झाड आहे ना? फुललं?"

"फुललाय ना मामा. चार दिस झाले."

"उद्या घेऊन ये. हंड्यासकट."

नवसी गोंधळली. "नाय ओ मामा. हलवला का रुसतंय तो. आनि माझे पोरीला लई आवडतंय, ती रोज..."

"पुरे. आणायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

नवसीने पायऱ्यांकडे बघितलं. पाऊस यायचा होता, पेरणी व्हायची होती, घरात दुसरी मिळकत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने आली, डोक्यावर हंडा आणि हंड्यात तो कुंकवाच्या रंगाचा गोळा. स्टेशनात लोक वळून वळून बघत होते. पोर घरी रडत होती, हे तिने सांगितलं नाही. सांगून कुणी ऐकणार नव्हतं.

आनंदाने रंभाबाईची जुनी कुंडी घासूनपुसून ठेवली होती. नवसीचं झाड त्याने मातीच्या गड्ड्यासकट तिच्यात बसवलं, वरून हात फिरवला आणि स्वतः दोन्ही हातांनी कुंडी उचलून खाटेशी आणली. नवसीला दाराशी उभं केलं होतं, तोंड उघडायचं नाही असं बजावून.

"बघ," तो म्हणाला. "तुझं फूल. म्हटलं होतं ना?"

रंभाबाईने मान वळवली. बराच वेळ बघत राहिली. सुजलेला हात उचलून तिने त्या गोळ्याला बोट लावलं, फुलांचे केसर बोटाला लागले. तिचे डोळे भरून आले, आणि आनंदाचेही आले. मग तिचं बोट खाली उतरलं, मातीवर.

"छान आलंय," ती म्हणाली. "नवसीच्या हाताला गुण हाय."

बोटाला लागलेली माती तिने अंगठ्याने चोळून पाहिली.

"ही डोंगराकडची तांबडी माती. माझ्या कुंडीत काळी माती नि रेती हुती. माझा कांदा पौषातच गेला. फाल्गुनात तर वास हितवर यायचा."

"तुला ठाऊक होतं?" आनंदा म्हणाला. "मग बोलली का नाहीस? मी रोज मरमर पाणी घालत होतो, जमुनाबाईच्या दारात बादली घेऊन उभा राहिलो, तुझ्यासाठी!"

"बोलायला लागले हुते. सांगत हुते, त्या कुंडीला पाणी घालू नका, ती झोपती आता. तुमी पुरे म्हणालात." ती दम खायला थांबली. तो काही म्हणेल म्हणून नाही, श्वास पुरत नव्हता म्हणून. "नंतर नवसी सांगायला निघाली, तिला मीच अडवलं. म्हटलं, घालू दे. मला फूल बघायचं हुतं, खोटं न्हाई. पण रोज सकाळी पाण्याचा आवाज यायचा नि मी पडल्या पडल्या मनात म्हणायचे, घाला. आनखी घाला. आयुष्यभर माझं काय काय कुजवलंत, त्यातलं एक तरी तुमच्या हाताला लागू दे."

आनंदाला खूप काही सांगायचं होतं. आपण खरंच तिच्यासाठी केलं, एकदाच केलं पण खरंच केलं, काचेवरची नजर हलवली नाही, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं. तो खाटेच्या कडेला टेकला.

"रंभा, अगं माझं ऐक, मला काय ठाऊक, मी आपला..."

रंभाबाईने पंजा वर केला. हाताला सूज होती, तो पुरता वर गेला नाही, पण गेला तेवढा पुरला. आनंदाचं बोलणं जागच्या जागी थांबलं.

तिने दाराकडे बघितलं. नवसी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

"नवसे, तुझं झाड घेऊन जा गं बाई," रंभाबाई म्हणाली. "पोर वाट बघत असंल. हितं ठेवलंस तर हे त्याला पाणी घालतील."

नवसी पुढे आली. आनंदाच्या हाताखालून तिने कुंडी उचलली, डोक्यावर घेतली आणि जिना उतरून गेली. कपाटातला तांब्या अजून रेघेपर्यंत भरलेला होता. आनंदाने खिशातली किल्ली काढली आणि तांब्या बायकोपुढे धरला. रंभाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मग तो तसाच धरून बसला, हात भरून येईपर्यंत.